पाणी सोडण्याआधी माती तपासा

शेतीखालची सखल जमीन विकत घ्यायची, निचऱ्याचे चर बुजवायचे, बांध फोडायचा आणि तिथं पुन्हा पाणी साचू द्यायचं, हा विचार आता सरकारी धोरणांत पक्का शिरला आहे. युरोपीय संघाचा निसर्ग पुनर्स्थापनेचा कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये लागू झाला. शेतीसाठी कोरड्या केलेल्या पीट, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजक्या वनस्पतींच्या थराच्या, जमिनींपैकी ३० टक्के जमिनीवर २०३० पर्यंत आणि ५० टक्के जमिनीवर २०५० पर्यंत पुनर्स्थापनेचे उपाय करणं त्यात सदस्य देशांवर बंधनकारक आहे, आणि त्यातल्या ठरावीक हिश्श्यात प्रत्यक्ष पाणी परत आणायचं आहे. डेन्मार्कनं त्याच वर्षी १ लाख ४० हजार हेक्टर सखल, कार्बनयुक्त जमीन लागवडीतून काढायचं ठरवलं. अमेरिकेत ओहायो राज्य २०१९ पासून ईरी सरोवराच्या वरच्या अंगाला जुन्या शेतांवर पाणथळ जागा उभारत आहे.

या कामाला माझा मनापासून पाठिंबा आहे. पण ते लोकांपुढं मांडताना एक आश्वासन हमखास दिलं जातं: पाणथळ झाली की खालच्या तलावाचं, नदीचं पाणी स्वच्छ होईल, कारण पाणथळ जागा म्हणजे निसर्गाची मूत्रपिंडं. नत्राच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरं ठरतं. स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं, तसं नाही. ते त्या त्या जमिनीवर अवलंबून असतं, आणि पिढ्यानपिढ्या खत मुरलेल्या शेतात पहिली काही वर्षं नेमकं उलटं घडू शकतं. पाणी शुद्ध करण्यासाठी केलेली पाणथळ स्वतःच स्फुरद सोडू लागते. म्हणून माझी मागणी अशी की ज्या जमिनीत पाणी सोडायचं तिची माती आधी तपासलेली नसेल, आणि तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा हिशेब कोण, किती वर्षं ठेवणार हे ठरलेलं नसेल, तर पाणी शुद्धीकरणाच्या नावानं सार्वजनिक पैसा खर्च होऊ नये.

मूत्रपिंड नको असलेलं शरीराबाहेर टाकतं. पाणथळ जमिनीला नत्र असंच बाहेर टाकता येतं. तिथल्या चिखलातले जिवाणू नायट्रेटचं वायूत रूपांतर करतात, वायू हवेत निघून जातो आणि विषय संपतो. स्फुरदाला हवेची वाट जवळजवळ बंद आहे. ते गाळात गाडलं जाईल, कोणी कापून नेलेल्या गवताबरोबर बाहेर पडेल, किंवा पाण्याबरोबर पुढं वाहत जाईल. चौथी वाट नाही. पाणथळ जमिनीत येणारं आणि बाहेर न दिसणारं सगळं स्फुरद तिथंच कुठंतरी असतं, आणि जे तिथं आहे ते परिस्थिती बदलली की पुन्हा निघू शकतं.

हे कसं घडतं ते एका साध्या प्रयोगात दिसतं. पारदर्शक नळी शेतात दाबून मातीचा अखंड गाभा काढतात, त्यावर वीतभर पाणी ओततात आणि नळी अंधारात ठेवून देतात. सुरुवातीला माती तांबूस तपकिरी असते आणि जुन्या मुळांच्या पोकळ्यांभोवती गंजाचे ठिपके असतात. मातीतले जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू भराभर वापरून टाकतात. तो संपला की नायट्रेट, मग मँगनीज आणि मग लोह यांच्यावर श्वास भागवतात. काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत, मातीचा रंग उतरायला लागतो. तांबूस छटा जाऊन करडी येते आणि गंजाचे ठिपके पुसट होतात. गंजाच्या रूपातलं लोह विद्राव्य लोहात बदलत असल्याची ती खूण असते. या गंजाच्या कणांनीच इतकी वर्षं खतातलं स्फुरद घट्ट धरून ठेवलेलं असतं. कण विरघळले की त्यांनी धरलेलं स्फुरद मोकळं होतं. वरचं पाणी तोवरही नितळच दिसतं. त्याचा थोडा नमुना काढून मॉलिब्डेटचा अभिकारक टाकला की तो निळा होतो, ही पाण्यात विरघळलेल्या स्फुरदाची खूण, आणि दर खेपेला निळा रंग आधीपेक्षा गडद येत जातो.

यात नवं काही नाही. इंग्लंडमधल्या एस्थवेट वॉटर या तलावाच्या गाळावर जलशास्त्रज्ञ क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी हाच संबंध १९४१-४२ मध्ये सविस्तर मांडला होता. प्राणवायू संपतो, लोह विरघळतं, फॉस्फेट (स्फुरदाचं पाण्यातलं रूप) वर येतं, हे ऐंशीहून अधिक वर्षं जलशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवलं जातं. तरीही पाणथळ प्रकल्पांची अंदाजपत्रकं हेक्टरांत मांडली जातात आणि मातीतल्या लोह-स्फुरदाच्या गुणोत्तराचा त्यात उल्लेखही नसतो, हे मला स्वीकारता येत नाही.

प्रत्येक शेत सारखं वागत नाही, आणि तपासणीची गरज नेमकी इथं येते. ज्या मातीत स्फुरद ॲल्युमिनियमला बांधलेलं आहे तिथं प्राणवायू संपला तरी फारसा फरक पडत नाही, कारण ॲल्युमिनियमला लोहासारखं रूप बदलता येत नाही. चुनखडीच्या मातीत कॅल्शियमला बांधलेलं स्फुरद पाण्याची आम्लता वाढेपर्यंत टिकतं. ड्यूक विद्यापीठातले कर्टिस रिचर्डसन यांनी १९८५ मध्येच दाखवलं होतं की एखादी पाणथळ जमीन किती स्फुरद धरेल याचा अंदाज तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या प्रमाणावरून बऱ्यापैकी बांधता येतो. पीट जमिनींची गोष्ट आणखी वेगळी. निचरा केल्यावर दशकानुदशकं हवा लागून वरचा थर कुजून काळा, भुगाभुगा झालेला असतो. अशा पीटमध्ये पाणी परत आलं की मातीच्या छिद्रांतल्या पाण्यात नैसर्गिक पीट दलदलीपेक्षा कित्येक पटींनी जास्त स्फुरद उतरतं. ईशान्य जर्मनीतल्या पेने नदीच्या खोऱ्यातल्या पुनर्स्थापित जमिनींवरच्या अभ्यासांतून हे चांगलं समजलं आहे. त्याच संशोधनातून दिलासा देणारी गोष्टही पुढं आली. लोहाचे अणू स्फुरदाच्या अणूंच्या दहापटीहून अधिक असतील, तर वर येणारं बरंचसं स्फुरद प्राणवायू असलेल्या पातळ थराशी पोचताच पुन्हा लोहाबरोबर गंजून अडकतं. पाणकणसाचं मूळ उपटून पाहिलं तर त्यावर नारिंगी पुटं चढलेली दिसतात. मूळ स्वतःसाठी आणलेला प्राणवायू थोडा बाहेर झिरपू देतं, तिथं लोह गंजतं आणि त्या गंजात स्फुरद अडकतं. पाण्यातून सल्फेट येत असेल तर मात्र हा बंदोबस्त मोडतो. सल्फेटपासून तयार होणारं सल्फाइड लोहाला आपल्याकडं ओढून घेतं आणि स्फुरद धरायला लोह उरत नाही.

आता जरा आकडे मांडू. एक हेक्टर खनिज मातीचा वरचा २० सेंटिमीटरचा थर म्हणजे २,००० घनमीटर, वजनात अंदाजे २,६०० टन. चांगलं खत मिळालेल्या मातीत किलोमागे ८०० मिलिग्रॅम स्फुरद धरलं तर त्या थरात दोन हजार किलोंवर स्फुरद साठलेलं असतं. रिचर्डसन यांनीच पुढं मांडलेला ढोबळ नियम असा की पाणथळ जमीन दीर्घकाळ, बिघडल्याशिवाय, चौरस मीटरमागे वर्षाला साधारण १ ग्रॅम स्फुरद पचवू शकते. म्हणजे हेक्टरी १० किलो. साठ्यातलं फक्त एक टक्का सुटलं तरी ते २० किलो होतं, आणि दोन वर्षांची कमाई सुरुवातीलाच हातची जाते. तलावाच्या बाजूनं हिशेब केला तर तो जास्त बोचतो. लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास स्फुरद गेलं की तलाव हिरवा व्हायला लागतो. त्या मापानं २० किलो स्फुरद ६६ कोटी लिटर पाणी बिघडवायला पुरेसं आहे. कॅनडातल्या एक्स्पेरिमेंटल लेक्स एरिया या संशोधनासाठी राखलेल्या तलावांच्या प्रदेशात डेव्हिड शिंडलर यांच्या चमूनं १९७३ मध्ये २२६ क्रमांकाच्या तलावाला मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्हींत कार्बन आणि नत्र टाकलं, पण स्फुरद एकाच भागात. तो भाग शेवाळानं हिरवागार झाला आणि दुसरा स्वच्छ राहिला. विमानातून काढलेला तो फोटो पाहिल्यावर स्फुरदाचा हिशेब इतका काटेकोर का ठेवायचा हे कोणालाही वेगळं समजावावं लागत नाही.

प्रत्यक्ष जमिनीवर काय झालं? अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये अप्पर क्लॅमथ सरोवराच्या काठी विल्यमसन नदीच्या मुखाशी बांध घालून शेती केली जात होती. ऑक्टोबर २००७ मध्ये द नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धन संस्थेनं सुरुंग लावून तो बांध उडवला आणि सरोवराचं पाणी शेतांत शिरलं. मातीतून सुरुवातीला बरंच स्फुरद सुटेल, हे तिथल्या गाभ्यांवरच्या अभ्यासांतून दिसलेलं होतं. तरीही काम केलं गेलं, आणि माझ्या मते ते योग्यच होतं, कारण त्यामागचं मुख्य उद्दिष्ट नष्ट होत चाललेल्या दोन जातींच्या माशांच्या पिल्लांना उथळ, गवताळ पाणी मिळवून देणं हे होतं. उद्दिष्ट आणि किंमत दोन्ही उघड मांडलेली असली की समाज जाणूनबुजून निर्णय घेऊ शकतो. सार्वजनिक कामात मला हीच रीत हवी आहे.

फ्लोरिडातल्या लेक अपोप्काचा अनुभव जास्त कडवट आहे. या सरोवराच्या उत्तर काठची दलदल १९४० च्या दशकापासून भाजीपाल्याच्या शेतीसाठी कोरडी केली गेली आणि शेतांतलं स्फुरदानं भरलेलं पाणी पंपानं सरोवरात टाकलं जाऊ लागलं. १९९६ च्या कायद्यानंतर सरकारनं ही शेतं विकत घेतली. १९९८ मध्ये काही शेतांत पाणी सोडलं आणि पक्षी हजारोंनी आले. त्या हिवाळ्यात पेलिकन, करकोचे, बगळे असे मासे खाणारे सहाशेहून अधिक पक्षी तिथं मेले. मातीत मुरलेलं टॉक्साफीन, डिल्ड्रिन, डीडीटी माशांमार्गे त्यांच्यात गेलं होतं. ही कीटकनाशकांची गोष्ट आहे, स्फुरदाची नाही, हे खरं. पण कारण एकच आहे: शेत सोडलं म्हणून शेतीचा इतिहास माती सोडत नाही. त्यानंतर तिथं धीरानं काम झालं. स्फुरद धरण्यासाठी मातीत ॲल्युमिनियमयुक्त अवशेष मिसळले गेले, पाणी टप्प्याटप्प्यानं सोडलं गेलं, आणि सरोवरातून गिझर्ड शॅड जातीचे मासे पकडून त्यांच्या शरीरातलं स्फुरदही बाहेर काढलं जात राहिलं. सरोवरातलं स्फुरद पुढं निम्म्याहून अधिक घटलं.

मोजमापातली एक गफलत इथं सांगायलाच हवी, कारण बऱ्याच प्रकल्पांचं यश तिच्यावर उभं असतं. पाणथळीत शिरणारं पाणी गढूळ असतं आणि त्यातलं बरंचसं स्फुरद मातीच्या कणांना चिकटलेलं असतं. पाणी संथ झालं की कण खाली बसतात. बाहेर पडणारं पाणी नितळ दिसतं, 'एकूण स्फुरद' घटल्याचा आकडा येतो आणि अहवाल चांगला होतो. पण त्याच वेळी चिखलातून विद्राव्य स्फुरद बाहेर पडत असू शकतं. कणांना चिकटलेल्या स्फुरदाचा थोडाच भाग शेवाळाला मिळतो, विद्राव्य मात्र जवळजवळ सगळंच लगेच मिळतं. ईरी सरोवरानं हा फरक महागात पडू शकतो हे दाखवलं आहे. तिथल्या मॉमी नदीतून येणारं एकूण स्फुरद फारसं वाढलं नव्हतं, पण १९९० च्या दशकाच्या मध्यापासून विद्राव्य स्फुरद वाढत गेलं आणि शेवाळाचे लोंढे परतले. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहराच्या नळाच्या पाण्यात या शेवाळातून येणारं मायक्रोसिस्टिन हे विष सापडलं आणि लाखो लोकांना तीन दिवस पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. मॉमीच्या खोऱ्याचा मोठा भाग एकेकाळी ग्रेट ब्लॅक स्वॉम्प नावाची प्रचंड दलदल होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचा निचरा करून शेतं झाली. तिथं पाणथळ परत आणणं न्याय्यच आहे, आणि ओहायोच्या कार्यक्रमात या नव्या पाणथळ जागांचं मोजमापही केलं जातं ही चांगली गोष्ट आहे. बाकीच्यांनीही विद्राव्य आणि एकूण असे दोन वेगळे आकडे जाहीर केले पाहिजेत. एकच आकडा देणारा अहवाल मी अपुरा मानतो.

मी मागतो आहे ते अव्यवहार्य आहे का? दोन ठिकाणी ते आधीपासून केलं जातं. डेन्मार्कमध्ये सखल जमिनीत पाणी परत आणण्याच्या प्रकल्पाला मंजुरीआधी स्फुरद सुटण्याच्या धोक्याचं मूल्यमापन करावं लागतं. त्यासाठी मातीचे नमुने घेऊन लोह आणि स्फुरदाचं गुणोत्तर काढतात. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये शेतांकडून येणारं पाणी दलदलीत जाण्याआधी स्वच्छ करायला पन्नास हजार एकरांहून अधिक कृत्रिम पाणथळ उभारली आहे, तीही बऱ्याच ठिकाणी जुन्या शेतजमिनीवरच. तिथं नवा भाग तयार झाला की त्यात पाणी भरून थांबतात. बाहेर जाणाऱ्या पाण्यातलं स्फुरद आत येणाऱ्यापेक्षा कमी आहे हे मोजून सिद्ध झाल्याशिवाय पाणी पुढं सोडायला सुरुवात करत नाहीत. या नियमात शास्त्राचा शब्दही अवघड नाही. आधी सिद्ध करा, मग दार उघडा. जगात सगळीकडं लागू करता येईल असा हा सर्वांत साधा नियम असताना तो इतका दुर्मीळ का, याचं उत्तर मला पैशाच्या रचनेत दिसतं. अनुदान हेक्टरवर मिळतं, उद्घाटन बांध फोडण्याच्या दिवशी होतं, आणि मोजमापाचा निधी दोन-तीन वर्षांत संपतो.

मी हे लिहितो तेव्हा एक भीती मनात असते. पाणथळ जागांना मुळातच विरोध असलेले लोक हेच मुद्दे उचलतात आणि म्हणतात, बघा, पाणी सोडलं तर स्फुरद सुटतं, मग शेत आहे तसंच राहू द्या. ही मांडणी खोटी आहे, कारण शेत तसंच ठेवलं तरी स्फुरद जागेवर राहत नाही. ते पावसात मातीबरोबर वाहतं, निचऱ्याच्या भूमिगत नळ्यांतून झिरपतं, आणि त्यावर दर हंगामात आणखी टाकलं जातं. निचरा केलेलं पीट रोज हवेत जळत असतं. त्यातून कार्बन डायऑक्साइड तर जातोच, शिवाय जमीन वर्षागणिक खचते आणि पंप आणखी खोलवर चालवावे लागतात. पाणथळीची तुलना निर्मळ झऱ्याशी करायची नसते. त्याच शेतातून नाहीतर काय वाहिलं असतं, त्याच्याशी करायची असते. त्या तुलनेत बहुतेक पाणथळ जागा उजव्या ठरतील असं मला वाटतं. पण वाटण्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा? मोजून दाखवलं तर विरोधकांचं तोंड आपोआप बंद होईल.

माती नापास झाली तर काय, हा पुढचा प्रश्न. वरचा स्फुरदयुक्त थर काढून टाकणं हा सर्वांत खात्रीचा उपाय. २० सेंटिमीटर काढायचा तर हेक्टरी २,००० घनमीटर माती हलवावी लागते आणि हा खर्च मोठा आहे. ती माती कुठं टाकायची हेही ठरवावं लागतं. जिथं मातीत स्फुरद कमी आहे तिथं ती खत म्हणून घालता आली तर दुहेरी फायदा, कारण फॉस्फेटचा खडक पुन्हा तयार होत नाही. दुसरा उपाय संथ आहे: पाणी सोडण्याआधी काही वर्षं स्फुरद न घालता पीक घ्यायचं आणि सगळं कापून न्यायचं, म्हणजे सहज सुटणारा भाग तरी कमी होतो. पाणी आल्यानंतर पाणकणीस किंवा बोरू कापून नेला तर हेक्टरी १० टन सुक्या वजनाला, त्यात ०.२ टक्के स्फुरद धरून, वर्षाला २० किलो बाहेर जातं. कापणी मात्र उन्हाळ्यातच हवी. हिवाळ्यापर्यंत वनस्पती स्फुरद खाली कंदांत ओढून घेते आणि कापलेल्या वाळक्या पात्यांत फार थोडं उरतं. पक्ष्यांची घरटी उन्हाळ्यातच असतात, त्यामुळं एकाच वर्षी सगळी जागा कापता येत नाही, पट्टे पाडून आळीपाळीनं कापावं लागतं. एकदा ओली केलेली जमीन मध्येच पूर्ण वाळू देणं धोक्याचं, कारण वाळण्यात मेलेल्या जिवाणूंमधलं स्फुरद पुढच्या पाण्याबरोबर एकदम सुटतं. आणि काही जमिनींच्या बाबतीत सरळ सांगावं लागेल की इथून पाणी संवेदनशील तलावात जातं, माती स्फुरदानं तुडुंब आहे, तेव्हा ही जागा सध्या नको, शेजारची घेऊ.

यात शेतकऱ्याला आरोपी करणं मला मान्य नाही. मातीत स्फुरद साठवा असा सल्ला कैक दशकं सरकारी खात्यांनी आणि कृषी विद्यापीठांनीच दिला होता आणि त्या काळच्या ज्ञानानुसार तो चुकीचा वाटत नव्हता. शेतकऱ्याकडं असलेले माती परीक्षणाचे जुने अहवाल हीच पहिली आणि सर्वांत स्वस्त चाळणी ठरू शकते. ते अहवाल देणाऱ्याला जमिनीची कमी किंमत मिळणार असेल तर तो देणार नाही, म्हणून स्फुरदाचं प्रमाण जास्त निघालं तरी किंमत घटणार नाही अशी हमी करारातच हवी. माती काढण्याचा किंवा कापणीचा खर्च प्रकल्पानं उचलावा.

वरच्या अंगाच्या शेतांतलं खत कमी करण्याचं कामही पाणथळीच्या नावाखाली थांबता कामा नये. ईरी सरोवरासाठी अमेरिका आणि कॅनडानं २०१६ मध्ये स्फुरदाचा भार २००८ च्या तुलनेत ४० टक्क्यांनी घटवण्याचं लक्ष्य ठरवलं. हेक्टरी वर्षाला १० किलो पचवणाऱ्या जमिनीनं एवढं ओझं एकटीनं वाहावं असं कोणी गृहीत धरत असेल, तर त्यानं तिच्या मर्यादेकडं डोळेझाक केली आहे. प्रत्येक करारात म्हणून मला चार गोष्टी लेखी हव्यात. पाणी सोडण्याआधीचं मातीचं लोह-स्फुरद गुणोत्तर. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यातलं विद्राव्य व एकूण स्फुरद, पुरांच्या दिवसांसह, किमान दहा वर्षं. ते आकडे सर्वांना खुले. आणि पाणी शुद्धीकरणासाठी दिलेल्या अनुदानाचा शेवटचा हप्ता बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा चांगलं निघू लागेपर्यंत राखून ठेवलेला.